चौथा विषय

लागोपाठ अठरा पाडवे लहानू थूलनं शेतमालक भैय्याजींच्या ओट्यावर बसून सालाचं, म्हणजे वर्षभराच्या चाकरीचं, बोलणं केलं होतं. नाचणगावात आता सालदार म्हणून राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तरण्या पोरांना पुलगावात रोजानं जायला आवडतं, सकाळी गेलं की संध्याकाळी मोकळं. सालदाराला अशी मोकळीक नसते. पाडव्याला सुपारी फुटली, म्हणजे बोली पक्की झाली, की पुढच्या पाडव्यापर्यंत बैल त्याचे, वखर त्याचा, फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर, आणि वावरात रानडुक्कर शिरलं तरी पहिली हाक त्यालाच. एक नियम मात्र सगळ्यांनाच ठाऊक असतो, साल मध्येच मोडायचं नाही. जो दिवाळीच्या सुमारास साल टाकून पळतो त्याला गावात पुन्हा कोणी सुपारी देत नाही. लहानूनं एकदाही मोडलं नव्हतं. टायफाइड झाला होता तेव्हासुद्धा नवव्या दिवशी तो बैलांच्या डवऱ्यामागं उभा होता, पाय लटपटत होते ते वेगळं. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. गरिबाच्या अभिमानाला भांडवल कमी लागतं, पण तो सोडवताना घरच्यांच्या नाकी नऊ येतात.

त्याची एकुलती एक पोरगी रोशनी दहावीत अठ्ठ्याऐंशी टक्के घेऊन पास झाली आणि बापलेक सायकलवर पुलगावच्या कॉलेजात अकरावी सायन्सचा फॉर्म भरायला गेले. रोशनीच्या मनाचं पक्कं होतं. आदल्या वर्षी भैय्याजींच्या गोठ्यात गाय अडली होती. पुलगावहून ढोरांची डॉक्टरीण आली. तिनं बाही वर सारली, खांद्यापर्यंत हात आत घालून आडवं झालेलं वासरू सरळ केलं आणि ओढून बाहेर काढलं. शेपटी धरायला रोशनी उभी होती. डॉक्टरीणबाईनं वासराच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, वासरू शिंकलं, आणि आपल्याला काय व्हायचं आहे ते रोशनीनं तिथंच ठरवून टाकलं. त्यासाठी जीवशास्त्र लागतं आणि बारावीनंतर नीटची परीक्षा द्यावी लागते, एवढं तिनं शाळेत विचारून घेतलं होतं.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाबूनं भराभर सांगितलं. भौतिक आणि रसायन सगळ्यांनाच असतात. त्यापुढं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर चार सायन्स होतात. ज्याला डॉक्टरकीच्या बाजूला जायचं आहे तो गणित सोडून भूगोल घेऊ शकतो. रोशनी भूगोल म्हणायला तोंड उघडणार, तोच लहानू खिडकीशी वाकला. सगळ्या बोलण्यातला ‘सोडून’ एवढा एकच शब्द त्यानं नीट ऐकला होता.

“सोडाचं काऊन?” तो म्हणाला. “देऊन राह्यले त घे न पोट्टे. त्र्याण्णव हाय तुले गणितात.”

त्र्याण्णव होते हे खरंच होतं. शिवाय सोळाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज जरा चढाच असतो. रोशनीनं दोन्ही चौकटींत खूण केली. परत येताना लहानू म्हणाला की आता दोन वर्षं मागं पाहायचं नाही, आणि कॅरिअरवर बसलेल्या रोशनीनं मान हलवली. फॉर्मवर लिहिलं म्हणजे सुपारी फुटली, दोन्हीकडून बांधलं गेलं, असं दोघांनीही धरून चाललं. बाबूला तसं विचारायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. त्या घरात दिलेल्या शब्दाबद्दल चौकशी करायची पद्धतच नव्हती.

पुढच्या रविवारी विहारात तिचा सत्कार झाला. पुष्पगुच्छ, वही, पेन आणि भाषणं. बोलणाऱ्यानं माईकवर सांगितलं की आपल्या वस्तीतली ही पहिली मुलगी, जिनं चारही सायन्स घेतले. टाळ्या पडल्या. खाली बसलेल्या अन्नपूर्णानं, म्हणजे रोशनीच्या आईनं, शेजारणीला हळूच विचारलं की चार म्हणजे खूप असतात का. शेजारणीलाही माहीत नव्हतं, पण तिनं खूप असतात असं सांगितलं.

भैय्याजींनी ही गोष्ट आणखीच डोक्यावर घेतली. त्यांचा स्वतःचा मुलगा प्रफुल नागपुरात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुस्तकं टाकून घरी आला होता आणि आता मामाच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसत होता. ते दुखणं भैय्याजी उघड बोलत नसत. पण ओट्यावर चार माणसं जमली आणि प्रफुल घरात असला की ते मुद्दाम आवाज चढवून म्हणत, “माह्या लहानूची पोट्टी पाहा. चारही सायन्स घेऊन राह्यली. घरी फॅन नाई धड.” लहानू तेव्हा गोठ्यात शेण भरत असे. ‘माह्या लहानूची’ म्हटलेलं त्याला खटकत नसे, उलट टोपलं उचलताना त्याची मान जरा वर होई. अठरा वर्षांत त्या ओट्यावर त्याचं नाव हाक मारण्यापलीकडे कधी निघालं नव्हतं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला आपण हरभऱ्याच्या झाडावर आहोत हे कसं कळणार?

जुलै लागला आणि चार सायन्स म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांना कळायला लागलं.

दहावीपर्यंत सगळं मराठीत होतं, आता पुस्तकं इंग्रजी. रोशनी पहाटे उठून पाणी भरायची, आईबरोबर भाकरी थापायची आणि चुलीपाशीच शब्दांचे अर्थ लिहीत बसायची. भौतिक, रसायन कसंबसं जमत होतं. जीवशास्त्र इंग्रजीत असलं तरी तिला त्याचा रस्ता दिसत होता. पेशी, ऊती, आतडं, काळीज या गोष्टी वाचताना तिला गोठा दिसायचा. गणित मात्र हातातून सुटत चाललं. सर फळ्याकडे तोंड करून दोन पायऱ्या एकदम गाळत, आणि गाळलेल्या पायऱ्या ज्यांना खाजगी क्लास होता त्यांनाच सापडत. रोशनीला क्लास नव्हता. ती घरी येऊन एकेका गणितावर दीड दीड तास घालवायची आणि शेवटी उत्तर जुळायचं नाही ते नाहीच.

याहून वाईट गोष्ट दुसरी होती. जीवशास्त्राच्या मोहिनी मॅडम नीटला बसणाऱ्या मुलांना तीन ते पाच फुकट शिकवायच्या, प्रश्न सोडवून घ्यायच्या. तीन ते पाच हाच गणिताचा तास. भूगोलवाली बारा मुलं मॅडमच्या वर्गात बसायची आणि रोशनी समोरच्या खोलीत, उघड्या दारातून मॅडमचा आवाज ऐकत, कोसाइन आणि टॅनजंट उतरवत असायची. एकदा मॅडमनी तिला व्हरांड्यात थांबवून विचारलं की तुझ्यासारखी मुलगी माझ्या वर्गात का नाही. रोशनीनं गणित आहे म्हणून सांगितलं. मॅडम घाईत होत्या, बरं म्हणून निघून गेल्या.

ऑगस्टच्या अखेरीला चाचणी झाली. पंचवीसपैकी जीवशास्त्रात एकवीस, गणितात चार.

ते चार मार्क तिनं घरी सांगितले नाहीत. त्या रविवारी ती आईबरोबर निंदणाला गेली. बायकांच्या टोळीची म्होरकी नलूबाई होती, कडक पण सरळ बाई. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, प्रत्येकीला पात वाटून दिली जायची, पात म्हणजे एकीनं निंदत न्यायच्या दोन ओळी. दिवसाच्या वाट्याच्या दोन पाती एकदमच उरकून लवकर सुटावं आणि अभ्यासाला बसावं म्हणून रोशनीनं दोन पाती मागितल्या. नलूबाईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दिल्या. रोशनी इकडे चार हात, तिकडे चार हात करत खुरपं चालवत निघाली. गुडघे चिखलात रुतत होते, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं तोंडाला घासत होती, पाठीत कळ यायला लागली होती, तरी ती सगळ्यांच्या पुढं होती. अर्ध्या वावरात पोचल्यावर मागून नलूबाईची हाक आली.

नलूबाईनं तिला सगळ्या बायकांच्या समोर माघारी बोलावलं आणि बोटानं दाखवलं. दोन्ही पातींत केन्याचं तण मुळासकट उभं होतं, वरचा पाला तेवढा तुटला होता. पाऊस आला की चार दिवसांत पुन्हा गुडघाभर होणार. नलूबाई रागावली नाही, पहिल्यापासून पुन्हा धर म्हणाली, बस. एक-दोघी खुदकन हसल्या. सायन्सवाली पोट्टी म्हणून एकीनं टोमणाही मारला. रोशनीचे कान तापले. ती धुऱ्यावर परत गेली आणि खाली मान घालून पहिल्या झाडापासून बसली.

टोळीतली रीत अशी की जिची पात आधी संपेल तिनं उलटं फिरून मागं राहिलेलीच्या पातीत समोरून शिरायचं. अन्नपूर्णा समोरून निंदत निंदत पोरीच्या पातीत आली. दोघींची डोकी एकमेकींपासून हातभर अंतरावर आली तेव्हा तिनं पाहिलं की पोरगी रडते आहे. निंदणात कोणी हसलं म्हणून रडणारी ही पोरगी नव्हे हे तिला ठाऊक होतं. तिनं खुरपं थांबवलं नाही, नुसतं काय झालं म्हणून विचारलं. आणि रोशनीनं सगळं सांगितलं. चार मार्क, तीन ते पाच, उघडं दार, सगळं.

“मंग सोडत काऊन नाई?” अन्नपूर्णानं विचारलं.

“सोडता येते का माय? लिहून देल्लं न आपण.”

अन्नपूर्णानं खुरपं पुढच्या केन्याच्या मुळाशी घातलं. दोघींनी पात पुरी केली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीला कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. ज्यांना विषय बदलायचा आहे त्यांनी तीस तारखेच्या दुपारी दोनपर्यंत अर्ज द्यावा, पालकानं ऑफिसात समक्ष येऊन सही करावी. रोशनीनं ती सूचना दोनदा वाचली. मग शेजारी उभ्या असलेल्या मुलीला विचारलं की हे खरंच सगळ्यांसाठी आहे का. ती मुलगी म्हणाली, दरवर्षीच असतं. रोशनीला आधी हसू आलं आणि मग स्वतःचा भयंकर राग आला. अडीच महिने ती एका दाराला बाहेरून कुलूप आहे असं समजून आत बसली होती, आणि दार नुसतं लोटलेलं होतं.

अर्ज घेऊन ती घरी आली. लहानू हातपाय धुऊन, भाकरीवर झुणका घेऊन बसला होता. तिनं सरळ सांगितलं. गणित सोडते, भूगोल घेते, सायन्स तीन राहतील. नीटला तीनच लागतात. तीन ते पाच मॅडमकडे बसीन.

लहानूचा घास हातातच राहिला. त्यानं आधी समजावलं. म्हणाला, सुरुवातीला बैलसुद्धा जुवाला मान देत नाही, मग सवय होते. रोशनी म्हणाली की ती अडीच महिने सवयच करून घेते आहे. मग त्याचा आवाज चढला.

“साल मधात सोडते का कोणी? अठरा सालं झाली मले. ताप आला, पाय सुजले, सोडलं का मी? आपल्या घरात नाई हे.”

रोशनी उभी होती. तिनं अर्जाची घडी केली नाही की खाली पाहिलं नाही. “मी कोणाचं साल नाई धरलं, बाबा,” ती म्हणाली. “मले शिकाचं हाय.”

लहानू ताट सरकवून उठला आणि अंगणात जाऊन बसला. त्याला हे बोलणं फार लागलं. आपल्या अठरा वर्षांना पोरीनं एका वाक्यात धुऱ्यावर फेकून दिलं असं त्याला वाटलं. तिनं तसं केलं नव्हतं, पण लागायचं ते लागलंच. पुढं आठ दिवस बापलेक एकमेकांशी कामापुरतं बोलले. रोशनी रोज अर्ज दप्तरात घालून न्यायची आणि रोज परत आणायची. गणिताच्या तासालाही बसायची, कारण अजून सोडलं नव्हतं.

अन्नपूर्णा मध्ये पडली ती एकदाच. लहानू दोरखंड वळत बसला होता. तिनं दोराचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाली, “तुमाले पोरीची नाई, भैय्याजीची फिकर हाय. ओट्यावर आता काय सांगाल, त्याची लाज वाटून राह्यली तुमाले.” लहानूनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पीळ घालत राहिला. पण तो पीळ इतका कडक बसला की दोर गाठाळला आणि पुन्हा सोडावा लागला. बायको खरं बोलली की नवऱ्याच्या हाताला ते आधी कळतं.

सप्टेंबर संपत आला तसं सोयाबीन पिवळं पडलं आणि आभाळही भरून यायला लागलं. वाळलेल्या शेंगांवर पाऊस पडला तर उभ्या झाडावर दाण्यांना कोंब फुटतात, सगळं वर्ष पाण्यात. भैय्याजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नलूबाईची टोळी, लहानू आणि स्वतः भैय्याजी असे सगळे सकाळी सहापासून वावरात. लहानू सोंगणीत सगळ्यांत पुढं असायचा. डाव्या मुठीत झाडं, उजव्या हातात विळा, एक ओढ, एक पेंढी. शेंगांच्या टोकांनी तळहात सोलवटले होते आणि त्यांत काळा रस भरला होता.

तीस तारखेला सकाळी नऊ वाजता रोशनी वावरात आली. अंगावर कॉलेजचा ड्रेस, पायात चपला, हातात तो अर्ज. कापलेल्या सोयाबीनची खुंटं टोचतात, तरी ती धुऱ्यावरून न येता सरळ मधून चालत आली. शेजारच्या पातीतून अन्नपूर्णानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. रोशनी लहानूच्या समोर येऊन थांबली.

“बाबा, आज शेवटला दिवस हाय. दोन वाजेपर्यंत. माह्या एकटीच्या सहीनं झालं असतं त तुमाले म्हणलंच नसतं.”

सगळे विळे एकदम थांबले नाहीत, पण हळू झाले. लहानू पुटपुटला की घरी जा, संध्याकाळी बोलू. ती म्हणाली, संध्याकाळी दोन वाजून गेलेले असतील. एवढ्यात पेंढ्या मोजत फिरणारे भैय्याजी तिथं आले आणि काय भानगड आहे म्हणून विचारलं. लहानूनं विळा पुढच्या झाडांत घातला. मग रोशनीनंच सांगितलं. गणित सोडायचं आहे, बाबांची सही पाहिजे.

भैय्याजींचा चेहरा आधी पडला. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. घरच्या मुलाला टोचायला बाहेरची एक काठी हाताला लागली होती, तीही मोडली. मग ते हसले.

“म्हणजे झेपलं नाई. अन् गणिताच्या जागी काय घेशीन?”

“भूगोल.”

“भूगोल? वावराचा रस्ता मालूम हाय न तुले, झालं मंग.” बायकांत थोडं हसू फुटलं. भैय्याजी लहानूकडे वळले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजुतीनं म्हणाले, “जाऊ दे लहानू. मी म्हणतच होतो मनात. अंथरूण पाहूनच पाय पसरावे माणसानं.”

हेच लहानूला नको होतं, हेच टाळण्यासाठी तो आठ दिवस अंगणात बसला होता. त्यानं पोरीकडे पाहिलं. ती रडेल, निदान खाली पाहील असं त्याला वाटलं. पण रोशनी भैय्याजींकडे सरळ पाहत होती.

“झेपलं नाई हे खरंच हाय, भैय्याजी,” ती म्हणाली. “चार नाई झेपत मले. तीन झेपते. अन् ते तीन मी कोणासाठी सोडत नाई.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. पाण्याची घागर कुठं ठेवली आहे ते सांगावं तसं तिनं सांगितलं. लहानू तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. जी गोष्ट त्यानं आठ दिवस ओट्यापासून लपवली ती हिनं भर वावरात, वीस माणसांत सांगून टाकली, आणि हिचं काहीच कमी झालं नाही. उलट ती त्याला वीतभर उंच वाटली. लाज वाटत होती ती आपल्याला, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या ओट्यासाठी, हे त्याला त्या क्षणी लखलखीत कळलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानं विळा खाली ठेवला. कमरेचं फडकं सोडून तोंड पुसलं.

“मी पुलगावले जाऊन येतो,” तो म्हणाला.

भैय्याजींना आधी कळलंच नाही. मग त्यांनी वर बोट केलं. पश्चिमेकडून आभाळ निळंकाळं होत होतं. “आभाळ पाह्यलं का? पाच एकर उभं हाय अजून. लहानू, आज गेला त साल मोडलं म्हून समज.”

नलूबाईनं सोयाबीनची मूठ धरली होती, ती तशीच धरून ठेवली. लहानूनं एक वेळ आभाळाकडे पाहिलं, खरोखरीच पाहिलं, कारण सोयाबीन त्याच्याच हातचं होतं. बी टोबण्यापासून डवऱ्यापर्यंत त्याच्याच घामाचं होतं आणि ते भिजलं तर त्यालाही दुखणार होतं.

“अठरा सालात अर्धा दिवस मागतला नाई मी,” तो म्हणाला. “आजबी मागून नाई राह्यलो, भैय्याजी. जाऊन राह्यलो.”

आणि तो निघाला. मागून अन्नपूर्णानं त्यानं अर्धवट सोडलेल्या ओळीत जाऊन विळा घातला. ती न बोलता कापत सुटली, तिच्या शेजारी नलूबाई आली आणि बाकीच्या बायकाही लागल्या. शेवटी भैय्याजींनी धोतराचा सोगा खोचला आणि तेही पेंढ्या उचलायला लागले.

वावरापासून रस्त्यापर्यंत चिखल. सायकलचं चाक मातीनं भरलं की लहानू थांबून काडीनं उकरायचा. रोशनी मागून ढकलत होती, तिच्या चपला हातात होत्या. डांबरी लागल्यावर ती कॅरिअरवर बसली. पुलगावच्या अलीकडे चार थेंब पडले, दोघांनी एकदमच वर पाहिलं, पण थेंब तेवढेच होते. लहानूनं पायडल आणखी जोरानं मारलं. त्याच्या बनियनवर सोयाबीनची कुसं चिकटली होती आणि प्रत्येक पायडलाला त्याची खांद्याची हाडं वरखाली होत होती. रोशनीला त्या हाडांकडे पाहवेना. बाबा, माझ्यामुळं तुमचं साल गेलं असं म्हणावं हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं तर हे थांबतील आणि सायकल वळवतील की काय, या भीतीनं ती गप्प बसली. आपण फार निष्ठुर आहोत असंही तिला वाटलं, आणि तरीही तिनं दात घट्ट मिटून ठेवले.

साडेदहाला ते खिडकीशी पोचले. जूनमधलाच बाबू होता. त्यानं अर्ज पाहिला, वर पाहिलं, आणि म्हणाला की शेवटच्या दिवशीच सगळ्यांना जाग येते. रोशनीनं नाव, हजेरी क्रमांक, सोडायचा विषय, घ्यायचा विषय सगळं आधीच लिहून ठेवलं होतं. खाली दोन जागा रिकाम्या होत्या. एक पालकाच्या सहीची आणि तिच्या वर, ‘विषय सोडण्याचे कारण, पालकाने स्वतः लिहावे’.

लहानूनं पेन घेतलं. तो चौथी शिकलेला, सही करायचा, एरवी लिहायची वेळ येत नसे. बोटं सुजली होती, पेन धड पकडता येत नव्हतं. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. बाबूला वाटलं, ह्याला सुचत नाही. त्यानं मदत म्हणून सांगितलं की ‘प्रकृती ठीक नसते’ असं लिहा, सगळे तेच लिहितात, प्राचार्य काही विचारत नाहीत.

“आजारी नाई ती,” लहानू म्हणाला.

मग त्यानं लिहायला घेतलं. एकेक अक्षर थांबून थांबून, ओठ हलवत. कागदावर हाताचा काळा रस लागला, तो पुसायला गेला तर आणखी पसरला. रोशनी शेजारी उभी राहून ओळीकडे पाहत होती, आणि ओळ पुढं सरकेल तसं एकेक अक्षर मनात जोडत होती. शेवटचं अक्षर झाल्यावर लहानूनं खाली सही केली आणि अर्ज गजांतून आत सरकवला.

बाबूनं वाचलं. ‘माझ्या मुलीने ठरवले.’

“अहो, हे कारण कसं होईल?” तो म्हणाला. “पोरींनी असं ठरवलं म्हणून सुटतं का कुठं?”

“सुटते साहेब,” लहानू म्हणाला. “मलेबी आजच मालूम पडलं.”